सुरुंग: शब्द, श्रम आणि ‘स्मशानातील सोनं’

१

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पदव्युत्तर वर्गांतून ती शिकविली जाते, तिची भाषांतरे झाली आहेत आणि अण्णाभाऊंच्या कथालेखनाचा विचार तिला वगळून पुरा होत नाही. तथापि या चर्चेचा रोख बहुधा एकाच दिशेला राहिलेला दिसतो. मध्यरात्र, स्मशान, कोल्ह्यांची झुंड, उकरलेले प्रेत आणि त्याच्या जबड्यात अडकलेली माणसाची बोटे या भीषण चित्रावर समीक्षकांची दृष्टी खिळते, आणि दारिद्र्य माणसाला कोणत्या थराला नेते हा त्या कथेचा आशय ठरविला जातो. हा आशय खोटा नाही. पण तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कथेतील स्मशान आपण पाहिले. तिच्यातील खाण पाहिली नाही.

भीमा हा वारणाकाठचा गडी. गावात पोट भरेना म्हणून तो मुंबईस येतो, उपनगरातील एका दगडाच्या खाणीत कामाला लागतो आणि बायकोमुलीसह बरे दिवस काढतो. पुढे खाण बंद पडते. बेकार भीमाला एके दिवशी चितेच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते, आणि येथून त्याचा दुसरा व्यवसाय सुरू होतो. शेवटी त्या व्यवसायात त्याची बोटे जातात, आणि त्याच सुमारास बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. म्हणजे कथेच्या आरंभी खाण आहे आणि अखेरीसही खाणच आहे. स्मशान आहे ते या दोहोंच्या मध्ये. असे असता वाचकाच्या स्मरणात केवळ मधला भाग का उरावा? हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. मराठी भाषेने दगड फोडण्याच्या श्रमाशी जे नाते ठेवले आहे, त्याच्याशी तो निगडित आहे. म्हणून कथेकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करणे आवश्यक वाटते. तो शब्द ‘सुरुंग’.

२

‘सुरुंग’ हा शब्द संस्कृतात ‘सुरुङ्गा’ या रूपाने येतो. कौटिलीय अर्थशास्त्रात तो आहे. महाभारतातील जतुगृहाच्या प्रकरणात पांडव ज्या भुयारातून निसटले, त्याच्या संदर्भातही तो प्रसिद्ध आहे. नळी, पोकळ वेत आणि त्यावरून भुयारी मार्ग असा अर्थ असलेल्या ‘सिरिंक्स’ या ग्रीक शब्दापासून तो आला असावा, हे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओटो श्टाईन यांनी विस्ताराने मांडले. अर्थशास्त्राच्या कालनिर्णयाच्या वादातही या व्युत्पत्तीचा आधार घेतला गेला आहे. मतभेद अर्थातच आहेत. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली तरी मूळ अर्थ मात्र निर्विवाद आहे. सुरुंग म्हणजे भुयार, जमिनीखालील पोकळी. स्फोटाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हा संबंध जडला तो युद्धामुळे. किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणावयाचे, त्यात दारू ठासावयाची आणि तट उडवावयाचा, ही रीत रूढ झाल्यावर पोकळीचे नाव तीत भरलेल्या दारूला आणि अखेरीस त्या स्फोटाला लागले. पुणेकरांना याचे जवळचे उदाहरण चाकणचे आहे. १६६० मध्ये शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर मोगलांनी भुयार खणून एक बुरूज सुरुंगाने उडविला, तेव्हा किल्ला पडला. सपाटीवरच्या त्या किल्ल्याचा पराभव तोफांनी तितकासा केला नाही, जितका या एका सुरुंगाने केला.

येथे मराठी आणि हिंदी यांच्यातील भेद लक्षणीय आहे. हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे आजही प्रथमतः भुयार. रेल्वेचा बोगदा हीसुद्धा ‘सुरंग’. स्फोटक अर्थ हवा असल्यास त्यास ‘बारूदी’ हे विशेषण जोडावे लागते. मराठीने मात्र भुयाराचा अर्थ ‘भुयार’ व ‘बोगदा’ या शब्दांकडे सोपविला आणि ‘सुरुंग’ स्फोटासाठी राखून ठेवला. मराठी माणसाला ‘बारूदी सुरुंग’ म्हणण्याची गरज पडत नाही. दारू त्या शब्दाच्या पोटातच आहे. अर्थसंकोच आणि अर्थांतर यांचा इतका स्वच्छ नमुना विद्यार्थ्यांना क्वचितच सापडेल.

या शब्दाचे सोबतीही असेच आहेत. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधाचा वाचक. मराठीत तो मद्य आणि स्फोटक चूर्ण अशा दोन दिशांना गेला, आणि ‘दारूगोळा’, ‘दारूकाम’, ‘शोभेची दारू’ हे प्रयोग स्थिर झाले. ‘बार’ हाही फारसी शब्द; त्याचा मूळ अर्थ ओझे, भार. बंदुकीत वा तोफेत एका वेळी जितकी दारू भरावयाची तितका एक बार. त्यावरून ‘बार भरणे’ आणि ‘बार उडविणे’ हे वाक्प्रचार निघाले. ते पुढे इतके घरगुती झाले की आपण तंबाखूचा बार भरतो, लग्नाचा बार उडवून देतो आणि एखाद्याची घोषणा पोकळ ठरली की तिला ‘फुसका बार’ म्हणतो.

३

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. पुणे शहर काळ्या दगडावर उभे आहे आणि काळ्या दगडानेच बांधले गेले आहे. दख्खनच्या पठाराचा हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हत्यारांची धार मोडणारा म्हणून कारागीर त्याला ओळखतात. कोकणातला जांभा चिरेखाणीत कापून काढता येतो, त्याला स्फोटाची गरज नाही. काळा पाषाण असा कापू देत नाही. आठव्या शतकाच्या सुमारास पाताळेश्वराचे लेणे खोदणाऱ्यांनी तो टाकीने कणाकणाने झिजविला. पण रस्ता, लोहमार्ग, धरण आणि शहर यांना लागणारा दगड त्या गतीने निघणे शक्य नव्हते. तेथे सुरुंग अपरिहार्य होता.

भोर घाटातील लोहमार्ग हे याचे थोर उदाहरण. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे सोळा मैलांच्या चढात पंचवीस बोगदे खोदले गेले, आणि १८६१ च्या सुमारास ४२,००० हून अधिक माणसे त्या डोंगरावर राबत होती. नोबेलने डायनामाइटचे एकस्व घेतले ते १८६७ साली; म्हणजे हा सर्व डोंगर साध्या काळ्या दारूने आणि हाताने पाडलेल्या छिद्रांनी फोडला गेला. कित्येक ठिकाणी उभ्या कड्यावर उभे राहण्यास जागा नसल्याने माणसे दोरांनी खाली सोडून त्यांच्याकडून छिद्रे पाडून घ्यावी लागली. अपघातांनी आणि पटकीने माणसे मोठ्या संख्येने मेली. या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची दंतकथा त्याच्याशी जोडलेली आहे. लोकस्मृतीने वाट दाखविणाऱ्याचे नाव राखले. त्या वाटेवरचा खडक ज्यांनी फोडला त्यांची नावे कोणी राखली नाहीत.

हाताने छिद्र पाडण्याची रीत येथे थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. एक जण पोलादी पहार खडकावर उभी धरून बसतो. दुसरा, कधी दोघे, आळीपाळीने तिच्या माथ्यावर घण घालतात. प्रत्येक घावानंतर धरणारा पहार किंचित फिरवितो, म्हणजे छिद्र गोल राहते आणि पहार अडकत नाही. मधूनमधून पाणी ओतावयाचे आणि साचलेला चुरा लांब दांड्याच्या पळीने काढावयाचा. ज्याच्या हाती पहार आहे त्याची बोटे घणापासून वीतभर अंतरावर असतात. हात हलला तर घाव चुकतो. घाव चुकला तर बोटे जातात. पुढे कंप्रेसरवर चालणारे यंत्र आले, पळी गेली, घण गेला; पण छिद्र कोठे पाडावे, किती खोल, एकमेकांपासून किती अंतरावर, हा निर्णय माणसाचाच राहिला.

हा निर्णय म्हणजेच खरी विद्या होय. बाहेरच्या माणसाला सुरुंगात केवळ आवाज दिसतो. खाणीतल्या माणसाला त्यात दगडाची मोकळी बाजू दिसते. खडक फुटावयाचा तर त्याला सरकावयास जागा हवी. समोर मोकळा कडा असेल तर दारूची शक्ती दगड पुढे ढकलते आणि तो हव्या त्या आकाराच्या तुकड्यांत सुटतो. तशी बाजू नसेल, किंवा छिद्र तिच्यापासून फार दूर पडले असेल, तर तीच शक्ती तोंडावाटे वर निघून जाते. दगड जागचा हलत नाही आणि चिपा मात्र दूरवर उडतात. तेव्हा चांगला सुरुंग म्हणजे मोठ्या आवाजाचा सुरुंग नव्हे. किंबहुना आवाज आणि उडणाऱ्या चिपा ही वाया गेलेली शक्ती असते. चांगल्या सुरुंगाचा आवाज दबका असतो, आणि कडा जणू जागच्या जागी बसतो.

४

येथवर दोन सुरुंग आपल्यासमोर आले, एक चाकणचा आणि एक खाणीचा. दोहोंत दारू एकच. परंतु पहिला विध्वंसासाठी आहे आणि दुसरा निर्मितीसाठी. पहिल्याचे यश उरलेल्या ढिगाऱ्यात संपते, दुसऱ्याचे तेथून सुरू होते, कारण त्या ढिगातूनच डबर, खडी, फरशी आणि भिंत व्हावयाची असते. आता प्रश्न असा की मराठी भाषेच्या लाक्षणिक व्यवहारात यांपैकी कोणता सुरुंग शिरला?

उत्तर उघड आहे. निवडणुकीच्या दिवसांतील कोणतेही वृत्तपत्र उघडावे. एका पक्षाने दुसऱ्याच्या बालेकिल्ल्याला सुरुंग लावलेला आढळेल. विश्वासाला, ऐक्याला, परंपरेला, स्वप्नांना सुरुंग लागतो. एखाद्या व्यवस्थेच्या मुळाशी सुरुंग पेरला जातो. या सर्व प्रयोगांत गुप्तपणा, घात आणि पाडाव हे तीनच भाव आहेत, आणि हे तिन्ही वेढ्याच्या युद्धातून आलेले आहेत. खडक फोडून घर उभारण्यासाठी लावलेला सुरुंग आपल्या लक्षणाव्यापारात जवळजवळ नाही. ज्या प्रदेशात विहिरीचे पाणीसुद्धा पुष्कळदा सुरुंगावाचून लागत नाही, त्या प्रदेशाच्या भाषेला ‘पाणी लागावे म्हणून लावलेला सुरुंग’ ही प्रतिमा सुचू नये, हे आश्चर्य होय.

दगडाविषयीच्या म्हणी तपासल्या तरी हेच दिसते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण मूर्तिकाराच्या हत्याराला प्रतिष्ठा देते. पण तीतही घाव सोसणारा दगड आहे, घाव घालणाऱ्याचे श्रम नाहीत. आणि डोंगर फोडण्याच्या श्रमाला आपण म्हण दिली ती ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’, म्हणजे निष्फळतेची. योद्ध्याचा सुरुंग आणि शिल्पकाराची टाकी यांना भाषेत मानाचे स्थान मिळाले. खाणकामगाराच्या पहारेला ते मिळाले नाही.

या उपेक्षेचा सर्वांत तीव्र नमुना म्हणजे ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग. सुशिक्षित मराठीत तो थट्टेचा आहे. जो उडाला नाही तो हसण्याचा विषय. खाणीत न उडालेला बार हा सर्वांत भयंकर असतो. पाचांपैकी चारच आवाज ऐकू आले की कोणी हसत नाही. पाचवा बार अजून खडकात जिवंत आहे, हे न ओळखता त्या जागी पुन्हा यंत्र लावले, तर यंत्र चालविणाऱ्याचे काय होते, हे खाणीवरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हणून बार मोजणे हे तेथे शिस्तीचे पहिले कलम. एकच शब्दप्रयोग एका समाजात विनोद आणि दुसऱ्यात मृत्यू सुचवीत असेल, तर ते दोन समाज एक भाषा बोलतात असे कितपत म्हणता येईल?

आणि येथे ‘दोन समाज’ हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. महाराष्ट्रात दगड फोडण्याचा व्यवसाय प्रामुख्याने वडार समाजाकडे आला. गाडी वडार, माती वडार आणि पाथरवट हे त्याचे भेद कामावरूनच पडलेले आहेत. त्यांची घरची वडारी बोली ही तेलुगूचे एक रूप आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या द्राविडी खंडात (१९०६) तिची नोंद केली आहे. म्हणजे मराठी मुलखातील दगड पिढ्यान् पिढ्या अशा माणसांनी फोडला की जे मालकाशी मराठीत बोलत आणि एकमेकांशी द्राविडी बोलीत. कामाचे अनुभव एका भाषेत साठले आणि वाङ्मय दुसऱ्या भाषेत झाले. आपल्या साहित्यात खाणीचे जे मौन आहे त्याचे एक कारण येथे असू शकेल. उत्तरकाळात या समाजाच्या वाट्याला आत्मकथने आणि कादंबऱ्या आल्या. रामचंद्र नलावडे यांचे ‘दगडफोड्या’ आणि लक्ष्मण गायकवाड यांची ‘वडार वेदना’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. ‘दगडफोड्या’ या नावातील ‘-या’ हा प्रत्यय तर विशेष लक्षात घ्यावा. ‘लाकूडतोड्या’प्रमाणे तो कर्तृवाचक आहे, परंतु प्रमाण मराठीत अशा नामांना बहुधा हलकेपणाची छटा येते. ग्रंथनामात तो अभिमानाने मिरविणे हे एक वाङ्मयीन विधान आहे.

५

आता ‘स्मशानातील सोनं’ पुन्हा वाचू.

पहिली गोष्ट अशी की भीमाचे दोन व्यवसाय परस्परविरोधी नाहीत. दुसरा हा पहिल्याचे विडंबन आहे. खाणीत तो जमिनीच्या पोटातून दगड काढतो, स्मशानात जमिनीच्या पोटातून प्रेत. पहारही तीच आणि दंडही तेच. बदलते ते केवळ क्रियापद. तेथे ‘फोडणे’ होते, येथे ‘उकरणे’ आहे. फोडण्याला उजेड लागतो, सोबत लागते, हाकारा लागतो. उकरणे एकट्याने, अंधारात आणि श्वास रोखून करावयाचे असते. खाणीत भीमा कामगार होता, स्मशानात तो चोर झाला. आणि त्याला चोर केले ते कोण्या दुष्ट प्रवृत्तीने नव्हे, तर खाण बंद पडण्याने. शिवाय या दोन कामांच्या मोबदल्यातील व्यस्त प्रमाण पाहावे. अख्खा डोंगर फोडून पदरात पडते ती दिवसाची मजुरी. राखेच्या मुठीत मात्र सोने निघते. ‘डोंगर पोखरून उंदीर’ या म्हणीतील उपहास येथे उलटून समाजावर येतो. श्रमाला उंदराचे मोल कोणी दिले, असे ती कथा विचारते.

दुसरी गोष्ट कथेच्या शेवटाविषयी. भीमाची बोटे जातात आणि नेमकी त्याच वेळी खाण सुरू झाल्याची बातमी येते, हा योगायोग कृत्रिम आहे, असा आक्षेप वर्गात विद्यार्थी हटकून घेतात. कथातंत्राच्या दृष्टीने तो आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु खाणीचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला या योगायोगात अस्वाभाविक काही वाटणार नाही. खाण ही कामगाराला न विचारता बंद होते आणि त्याला न विचारता सुरू होते. परवाना, ठेका, दगडाची मागणी, पावसाळा यांवर तिचे चालणे अवलंबून. आणि यांपैकी एकही गोष्ट पहार धरणाऱ्याच्या हाती नाही. त्याच्या आयुष्यात येणारी प्रत्येक वार्ता या अर्थाने योगायोगच असते. तेव्हा ज्याला आपण कथाकाराचा हस्तक्षेप म्हणतो तो वस्तुतः त्या व्यवसायाचा स्वभाव आहे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोटांची. भीमाची बोटे जातात, तीही जबड्यात घातलेली पहार बोटांच्या आधी काढली गेल्याने. वर हाताने छिद्र पाडण्याची रीत सांगितली ती याचसाठी. पहार धरावी कशी, कधी फिरवावी आणि बोटे कोठे ठेवावीत, हे ज्याच्या अंगी मुरलेले असते, त्या माणसाची बोटे पहारेच्याच चुकीने जावीत, हा या कथेतील गाभ्याचा उपरोध आहे. डोंगराशी झगडताना जी चूक त्याने केली नाही ती तो स्मशानात करतो, कारण तेथे त्याचे कसब भयाने ग्रासलेले आहे. हात हे भीमाचे भांडवल होते. स्मशानाने त्याला सोने दिले आणि भांडवल काढून घेतले. म्हणून शेवटी तो रडतो ते पश्चात्तापाने नव्हे. पश्चात्ताप हा नीतिकथेचा शेवट झाला असता. तो रडतो ते डोंगर फोडणारी बोटे गेली म्हणून. हे रडणे कारागिराचे आहे. ज्या समीक्षेला खाण दिसत नाही, तिला हे रडणे केवळ करुण वाटते. त्यातील स्वाभिमान तिच्या हाती लागत नाही.

याचा अर्थ कथेत उणीव नाही असा नव्हे. अण्णाभाऊंनी भीमा रंगविला तो मुख्यतः बलदंड पुरुष म्हणून. त्यांची शैली पोवाड्याच्या परंपरेत वाढलेली. तिला वीर हवा असतो. त्यामुळे भीमाचे बाहुबळ कथेत भरपूर आहे, पण कौशल्य फारसे नाही. खडकाची मोकळी बाजू ओळखणारी नजर, घणाचा ठेका, बार मोजणारे कान यांना कथेत विस्तार मिळालेला नाही. तो मिळता तर शेवटच्या उपरोधाची धार अधिक तीक्ष्ण झाली असती. वाचक जर खाणीला विसरतो, तर त्याचा थोडा दोष कथेकडेही जातो. ज्या भाषेत खाणीच्या कसबाला शब्दच प्रतिष्ठित नव्हते, त्या भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला बळाचा शब्द सहज सापडला आणि कसबाचा सापडला नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

६

येथे एक आक्षेप संभवतो. साहित्यकृतीचे मूल्यमापन करण्यास समीक्षकाला खाणीचे तंत्र माहीत असावे लागते काय? तसे असेल तर उद्या कोळ्याच्या कथेसाठी जाळे विणण्याची आणि विणकराच्या कथेसाठी मागाची परीक्षा द्यावी लागेल. माझे उत्तर असे की परीक्षा द्यावी लागणार नाही. पण शब्द जाणावे लागतील. युद्धकथा वाचताना आपण वेढा, मोर्चा, बुरूज हे शब्द जाणतो; दरबारी कथा वाचताना खलिता आणि मुजरा जाणतो. हे ज्ञान आपल्याला तांत्रिक वाटत नाही, कारण ते शाळेपासून मिळालेले असते. श्रमाचे शब्द तेवढे तांत्रिक आणि सत्तेचे शब्द तेवढे सांस्कृतिक, ही विभागणी भाषेतील नाही. ती आपल्या अभ्यासक्रमातील आहे.

परिभाषा घडविणाऱ्यांनीही याच विभागणीला हातभार लावला आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर परिभाषेचे जे विस्तृत कार्य झाले त्याचे महत्त्व मी मानतो. तथापि ‘वेधन’, ‘स्फोटन’ असे संस्कृत शब्द योजताना आणि ‘पहार’, ‘बार’, ‘वात’ हे शब्द ग्रामीण म्हणून वगळताना आपण एक किंमत मोजतो. खाणीच्या तोंडाशी ‘स्फोटन क्षेत्र, प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी असते. ती वाचता न येणारा माणूस सोडाच. वाचता येणारासुद्धा ती आधी मनात उलगडतो आणि मग घाबरतो. ‘सुरुंग लागणार आहे, लांब व्हा’ या वाक्याला उलगडावे लागत नाही. इतर ठिकाणी परिभाषेचे काठिण्य हा रुचीचा प्रश्न असेल. येथे त्या दोन क्षणांवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

दरम्यान खाणीची बोली स्वतःच्या वाटेने चालली आहे. ती ‘होल मारते’, ‘ब्लास्टिंग करते’. उत्खननयंत्राच्या एका कंपनीचे नाव घेऊन सर्वच उत्खननयंत्रांना ‘पोकलेन’ म्हणते. ‘जिलेटिन’ या शब्दाची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी आहे. नायट्रोग्लिसरीनवर आधारलेली स्फोटके भारतात २००४ साली बंद झाली. त्यांची जागा वेगळ्या घटनेच्या स्फोटकांनी घेतली. पण खाणीत आणि वृत्तपत्रांत कांडी अजूनही जिलेटिनचीच आहे. वस्तू गेली आणि नाव उरले. तटाखालचे भुयार गेले आणि ‘सुरुंग’ उरला, त्याचीच ही आवृत्ती.

वाघोली आणि मोशी या पुण्याच्या दोन अंगांच्या खाणींतील दगडावर या शहराच्या गेल्या काही दशकांच्या इमारती उभ्या आहेत. मोशीची वाट पुढे चाकणला जाते. १६६० चा सुरुंग आणि आजचा सुरुंग यांच्यात अंतर आहे ते काही कोसांचे. वाघोलीच्या खाणींवर ‘संतुलन’ या संस्थेने कामगारांच्या मुलांसाठी ज्या शाळा चालविल्या त्यांना ‘पाषाण शाळा’ असे नाव आहे. त्या शाळांत येणारे मूल घरून एक बोली, खाणीवरून दुसरी आणि पुस्तकातून तिसरी घेऊन येते. त्याला जेव्हा ‘बालेकिल्ल्याला सुरुंग लावणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ लिहावयास सांगितला जाईल, तेव्हा तो सुरुंग त्याच्या बापाचा नाही, हे त्याला कसे समजावून सांगावे?

शहर वाढत खाणींच्या कडेला आले आहे, आणि वस्तीजवळ स्फोटाऐवजी खडक फोडणारी अवजड यंत्रे वापरली जात आहेत. हाताने पहार धरून छिद्र पाडणारी पिढी वृद्ध झाली. तिच्याबरोबर घावांची, दगडाच्या शिरांची, आवाजांच्या भेदांची नावे जातील; त्यांतील मराठी किती, वडारी किती आणि उसनी किती याचा हिशेबही मग करता येणार नाही. आपल्या विभागातील विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधीत असतात. त्यांनी शब्दकोशाआधी नगर रस्त्याने वाघोलीपर्यंत जावे, अशी माझी सूचना आहे. तेथून परतल्यावर ‘स्मशानातील सोनं’ पुन्हा एकदा वाचावी आणि प्रेताच्या जबड्याआधी भीमाच्या हातातील पहारेकडे पाहावे.